पाच ग्लासांची बाटली

महाराष्ट्राच्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाला यंदा पंचवीस वर्षं होत आहेत. 2001 साली सरकारनं राज्यातल्या द्राक्षांपासून बनणाऱ्या वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. त्याचे गोडवे आता गायले जातील. मला मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूनं हिशेब मांडायचा आहे, कारण परवाच आमच्या नेहमीच्या दुकानदारानं सांगून टाकलं, ‘‘स्वस्तातली ड्राय वाइन मागवणं बंद केलंय. खप आहे तो गोड पोर्टचा, नाहीतर हजाराच्या पुढच्या बाटलीचा. मधलं कोण घेतं?’’ मधलं आम्ही घेत होतो. वर्षानुवर्षं घेत होतो.

2001 च्या आधीचा काळ दोन वाक्यांत संपतो. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळ वाइन तयार केली, ती ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशातही गेली. सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र गोव्याहून येताना पिशवीत घालून आणलेली गोडमिट्ट पोर्टच होती.

खरी मजा पुढच्या दशकात आली. राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळ लावलेल्या वेलींची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, आणि पाठोपाठ दिंडोरी-निफाड भागात बागायतदारांनी स्वतःच वायनऱ्या काढायला सुरुवात केली. खायच्या थॉमसन द्राक्षांशेजारी शेनिन ब्लांक आणि शिराझ या वाइनच्या द्राक्षांच्या रांगा दिसू लागल्या. ऑक्टोबरची छाटणी झाली की जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणी चाले. त्या दिवसांत एखाद्या छोट्या वायनरीत गेलं तर मालकच टाकीची तोटी सोडून पेलाभर शेनिन हातात ठेवायचा. गाळणी न झालेली, गढूळ, बर्फासारखी गार, आणि नाकाशी नेताच पिकल्या पेरूचा वास! शेतातलं फळ आणि पेल्यातली वाइन यांच्यात फक्त एक भिंत होती. पैसे कुणी मागत नसे, ‘कशी वाटली?’ एवढंच विचारत.

शुल्क माफ, वायनऱ्या भरपूर आणि त्यांच्यात चुरस. त्यामुळे तीनशे रुपयांच्या आत साधी, स्वच्छ टेबल वाइन मिळायची. 750 मिलिलिटरच्या बाटलीत दीडशेचे पाच ग्लास होतात. आम्ही पाचजण होतो. बँकेतला एक, शाळेतली एक, छापखान्यातला एक, आम्ही दोघं. कॉन्ट्री काढायची, बाटली आणायची आणि चहाच्या काचेच्या ग्लासांत ओतायची. कोथिंबीर वडीबरोबर गार शेनिन काय लागते, हे आम्हाला कोणत्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. तिखटानं रेड वाइनचा तुरटपणा जिभेवर चढतो, म्हणून सुक्क्या मटणाबरोबर हलकी झिनफांडेल अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून घ्यायची, हेही आमचं आम्हीच ठरवलं. ‘रेड रूम टेंपरेचरला प्यावी’ हा नियम थंड देशातल्या खोल्यांचा. पुण्यातल्या एप्रिलच्या खोलीत ती कोमट काढ्यासारखी लागते.

त्या बाटलीनं आणखी एक गोष्ट केली, आणि तिचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं. परमिट रूममध्ये आमच्या मैत्रिणी येऊ शकत नव्हत्या. घरच्या टेबलावर, जेवणाबरोबर, एकेका ग्लासाच्या मापात त्या बरोबरीनं बसल्या. गप्पांचा पोत बदलला. कुणी झिंगत नसे, कुणाला घरी पोचवावं लागत नसे.

या दशकाशी माझी भांडणंही आहेत. पंचतारांकित हॉटेलांत ग्लास गोल फिरवणाऱ्या मंडळींनी नाशिकची वाइन चाखण्याआधीच नापास केली आणि सर्वसामान्यांच्या मनात भीती घातली, की हे आपलं काम नव्हे. दुकानदारांनी तर बाटल्यांचे हाल केले. भर मे महिन्यात एका दुकानदारानं फळीवर ट्यूबलाइटखाली उभी ठेवलेली बाटली मला दिली. कॉर्क वाळून चुरा झालेला, पांढऱ्या वाइनचा रंग चहासारखा, वास सरळ व्हिनेगरचा. परत करायला गेलो तर म्हणाला, ‘‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली.’’ साधी टेबल वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन संपवायची असते, हे विकणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. असे किती नवखे त्या पहिल्या आंबट घोटानंतर कायमचे बिअरकडे गेले असतील!

मग 2008 उजाडलं. जागतिक मंदी आली, 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर मुंबईची हॉटेलं ओस पडली आणि टाक्या भरलेल्याच राहिल्या. चौगुल्यांची नारायणगावची मोठी कंपनीही कर्जात बुडाली. द्राक्षांचे पैसे थकले, तेव्हा अनेक बागायतदारांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. जे कारखाने तगले त्यांनी एकच धडा घेतला, की नफा महागड्या बाटलीत आहे. आमची बाटली तिथेच मागे पडली.

पुढच्या वर्षांत मला फारसा रस नाही. द्राक्षं तुडवण्याचे सोहळे, रिसॉर्ट, सूर्यास्ताचे फोटो. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, तेव्हा आशा वाटली होती. विरोध झाला आणि निर्णय अमलात आला नाही. व्यसनाची काळजी खरी आहे, मी ती हलकी मानत नाही. पण व्हिस्कीचं दुकान चौकाचौकांत चालू राहिलं आणि अडली ती फक्त जेवणाबरोबरची वाइन, हे मला आजही पटत नाही.

राज्यात वाइनवर 20 टक्के व्हॅट आहे आणि त्यातले 16 टक्के सरकार वाइन कारखान्यांना परत करतं. 2009 पासूनची ही योजना मध्यंतरी रखडली होती, 2024 मध्ये पाच वर्षांसाठी पुन्हा मार्गी लागली. हे पैसे प्रत्येक बाटलीमागे तुमच्या-माझ्या खिशातून जातात. मग त्यांना किमतीची अट का नसावी? ठरावीक एमआरपीच्या आतली, स्क्रू कॅपची, बाटलीवर तोडणीचं वर्ष छापलेली एक ड्राय वाइन जो कारखाना वर्षभर दुकानात ठेवील, त्यालाच पूर्ण परतावा द्या. पंचवीस वर्षांपूर्वी सवलत दिली ती शेतकऱ्यासाठी, असं सांगितलं गेलं. शेतकऱ्याचं द्राक्ष टिकायचं तर ते पिणारा माणूस हवा, आणि तो दर शनिवारी रिसॉर्टला जात नाही. तो चार मित्रांबरोबर घरी बसतो.