कर्करोगग्रस्त बालकांची वेदना व वैद्यांचे कर्तव्य

काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानात ‘वेदनाध्याय’ आहे. ज्या बालकास आपले दुःख शब्दांत सांगता येत नाही, त्याचे दुःख वैद्याने कसे ओळखावे, हा त्याचा विषय होय. डोके दुखणारे मूल डोके हलविते, डोळे मिटून घेते. कान दुखणारे मूल हातांनी कानांस स्पर्श करते. कर्करोगग्रस्त बालकाची वेदना जाणण्यास हीच दृष्टी आवश्यक आहे.

देवरी तालुक्यातील अशा बालकास उपचारार्थ नागपूर किंवा मुंबई गाठावी लागते. उपचारांच्या मधल्या काळात ते घरी परतते आणि वेदना वाढली की पालक प्रथम जवळच्या वैद्याकडे वा औषधाच्या दुकानी येतात. म्हणून हा विषय आपणा सर्वांचा आहे.

लहान मुलाच्या कपाळावरील आठ्या, आखडलेले पाय, न थांबणारे रडणे पाहावे. तीन-चार वर्षांनंतर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे दाखवून विचारावे. मोठ्या मुलास शून्य ते दहा अंकांत सांगता येते. निपचित पडलेले मूल वेदनामुक्त आहे असे मानू नये. दीर्घकाळ दुखणे सोसणारे मूल रडणेही सोडून देते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये बालकांसाठी दोन पायऱ्यांची पद्धत सांगितली. सौम्य वेदनेत पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन. मध्यम व तीव्र वेदनेत मॉर्फिन. कोडीनची मधली पायरी वगळली, कारण शरीरात कोडीनचे मॉर्फिन होण्याचे प्रमाण प्रत्येक मुलात भिन्न असते. काहींना गुण येत नाही, तर काहींना विषबाधा होते. औषध शक्यतो तोंडावाटे व घड्याळाप्रमाणे द्यावयाचे असते. साधे मॉर्फिन सामान्यतः दर चार तासांनी देतात. वेदना पुन्हा उसळण्याची वाट पाहत नाहीत.

‘अफूचे औषध, मुलास व्यसन लागेल’ या भीतीने ते औषध फडताळात पडून राहते. अहिफेन आपणांस अपरिचित नाही; शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून त्याचा निर्देश केला आहे. तज्ज्ञाने ठरविलेल्या मात्रेत वेदनेसाठी दिलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. मात्र ते एकाएकी बंद करू नये. मलावष्टंभ बहुधा होतोच, म्हणून सारक औषध आरंभापासून लागते. मूल जागे होईना किंवा श्वास मंदावला, तर पुढील मात्रा न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे. 2014 च्या कायदेदुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे सुलभ झाले आहे. औषध संपण्यापूर्वीच पालकांस तेथे पाठवावे.

काय टाळावे, हेही तितकेच महत्त्वाचे. रसायनोपचार चालू असता रक्तातील पांढऱ्या पेशी व बिंबिका घटतात. अशा वेळी बस्ती, गुदवर्ती वा स्नायूत सुई देऊ नये. जंतुसंसर्ग व रक्तस्राव यांचे भय असते. ग्रंथीवर वा दुखऱ्या हाडावर मर्दन करू नये. रसौषधी अथवा अन्य कोणतेही औषध रुग्णालयास विचारल्याविना जोडू नये. दुकानदारांनी अशा बालकासाठी ॲस्पिरीन वा आयबुप्रोफेन परस्पर देऊ नये. ताप असल्यास पॅरासिटामॉलने तो झाकू नये. ती तातडीची अवस्था होय.

मातेची कूस, गोष्ट, गाणे, ओळखीचे खेळणे यांनीही वेदनेची तीव्रता कमी होते. परंतु ती मॉर्फिनची जागा घेत नाहीत. रोग बरा करणे आपल्या हाती नसेलही. पण पालक आपला शब्द मानतात. ‘हे औषध वेळेवर द्या’ एवढे आपण निःशंकपणे सांगितले, तरी त्या बालकाची रात्र झोपेत जाऊ शकते.