फाइल कुठल्या पासिंगची?

एमएच-२० पासिंगची गाडी दिसली, की ती छत्रपती संभाजीनगरची हे लगेच कळते. सॉफ्टवेअरच्या फाइललाही असेच पासिंग असते. फक्त गाडीचे पासिंग ती कुठली ते सांगते. फाइलचे, ती कुठे चालेल ते.

शहरातल्या विद्यापीठाच्या आवारात नाइलिट या इलेक्ट्रॉनिक्स संस्थेचे केंद्र आहे. तिथल्यासारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमांत हा प्रश्न नेहमीचाच. प्रोग्रॅम बिल्ड करायचा इंटेलच्या लॅपटॉपवर आणि चालवायचा आर्म प्रोसेसरच्या छोट्या बोर्डावर. दोन्ही प्रोसेसरची यंत्रभाषा वेगळी, म्हणून एकाच सोर्स कोडची दोन पॅकेजे तयार होतात. डेबियन लिनक्समध्ये बिल्ड करणारे साधनच फाइलच्या नावात आधी पॅकेजचे नाव, मग आवृत्ती आणि शेवटी प्लॅटफॉर्म घालते. लोहित देवनागरी फॉन्टच्या पॅकेजला मात्र नुसते 'ऑल' लागते. कारण फॉन्टची फाइल कुठल्याही प्रोसेसरवर तीच राहते.

६४ बिटांची आजची प्रचलित रचना आणली एएमडी या कंपनीने. तिचा ऑप्टेरॉन प्रोसेसर २००३ मध्ये बाजारात आला. डेबियनने तेव्हा उचललेले 'एएमडी६४' हे नाव आजही चालू आहे. त्यामुळे इंटेलचा लॅपटॉप असलेल्यालाही तीच फाइल घ्यावी लागते, आणि नवखा हमखास बिचकतो. रेड हॅटने याच रचनेला 'एक्स८६_६४' म्हटले.

एका वस्तूला दोन नावे असली तर निभावते. एका नावाखाली दोन वस्तू निघाल्या, की पंचाईत होते.

२०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डाच्या पहिल्या आवृत्तीत आर्मच्या सहाव्या पिढीचा प्रोसेसर होता. डेबियनची 'आर्म-एचएफ' पॅकेजे सातव्या पिढीसाठी बिल्ड केलेली. म्हणून स्वयंसेवकांनी हजारो पॅकेजे जुन्या पिढीसाठी पुन्हा बिल्ड केली आणि रास्पबियन हे त्या बोर्डासाठीचे लिनक्स तयार झाले. प्लॅटफॉर्मचे नाव मात्र त्यांनी 'आर्म-एचएफ'च ठेवले. डेबियनचे पॅकेज त्या पहिल्या बोर्डावर टाकले, तर नाव जुळते, इन्स्टॉलही होते. पण चालवायला गेले की प्रोसेसरला अनोळखी सूचना भेटते आणि प्रोग्रॅम बंद पडतो.

पायथनच्या पॅकेजांची नावे याहून लांबलचक असतात. त्यांत पायथनची आवृत्ती, प्रोसेसर आणि लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची किमान आवृत्तीही येते. ती नावे वाचते मुख्यतः 'पिप' हे साधन: जुळणारी फाइल असेल तर ती उतरवते, नसेल तर सोर्स कोड घेऊन वापरणाऱ्याच्याच संगणकावर बिल्ड करू पाहते.