विश्लेषण : ‘अद्भुत’ ग्राफीन अजून बाजारात का दिसत नाही?

कारवरच्या ‘ग्राफीन कोटिंग’पासून बॅटरीपर्यंत अनेक जाहिरातींत हा शब्द आता सर्रास दिसतो. पोलादापेक्षा मजबूत, तांब्यापेक्षा चांगला वीजवाहक, शिवाय जवळपास पारदर्शक अशी त्याची ख्याती. शोधाला २०१० मध्ये नोबेलही मिळाले. तरीही ग्राफीनची चिप किंवा मोबाइलचा पडदा दुकानात सर्रास दिसत नाही. असे का?

ग्राफीन म्हणजे नेमके काय?

पेन्सिलीतल्या शिशात ग्रॅफाइट असते. ते कार्बनच्या थरांवर थर रचून बनलेले असते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. त्यातला फक्त एक अणू जाडीचा सुटा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. एक मिलिमीटर ग्रॅफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख थर मावतात.

तो सुटा कसा केला?

अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ रॉडनी रुऑफ यांच्या गटाने १९९९ मध्ये ग्रॅफाइटचे सूक्ष्म खांब कोरून ते सिलिकॉनवर घासून पाहिले. पातळ चकत्या सुटल्या, पण एकेरी थर हाती लागला नाही. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या आंद्रे गाइम आणि कोन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ते साधले. मात्र चिकटपट्टीने निघतात ते केसाच्या जाडीएवढे तुकडे. प्रयोगाला ते पुरतात, कारखान्याला नाहीत.

मग तांबे कुठून आले?

ग्राफीन सोलण्याऐवजी थेट उगवावे, हा पर्याय होता. मिथेनसारखा वायू तापलेल्या धातूवर सोडायचा, की रेणू फुटून कार्बन पृष्ठभागावर जमतो. आधी यासाठी निकेल वापरले जाई. पण गरम निकेलमध्ये कार्बन विरघळतो आणि थंड होताना पुन्हा वर येतो. कुठे एक थर, कुठे पाच.

२००९ मध्ये टेक्सास विद्यापीठात रुऑफ आणि सहकाऱ्यांनी तांब्याची २५ मायक्रॉन जाडीची फॉइल वापरली. मानवी केसाच्या निम्म्याहूनही पातळ. भट्टीचे तापमान हजार अंश सेल्सिअसपर्यंत. तांब्यात कार्बन जवळपास विरघळतच नाही. मिथेनचा रेणू फोडायला उघडे तांबे लागते. एका थराने ते झाकले गेले की वाढ आपोआप थांबते. तयार झालेल्या पापुद्र्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग एकेरी होता. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियातील संशोधकांनी याच मार्गाने ३० इंची ग्राफीन बनवले.

मग अडले कुठे?

सांध्यांवर आणि सुरकुत्यांवर. साधी फॉइल म्हणजे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेल्या असंख्य स्फटिककणांची गोधडी. त्यावर ग्राफीनची बेटे निरनिराळ्या दिशेने वाढतात आणि जिथे भेटतात तिथे सांधा राहतो. विजेला तिथे अडथळा होतो.

रुऑफ पुढे दक्षिण कोरियातील उल्सान येथे गेले. तिथल्या त्यांच्या केंद्राने २०१८ मध्ये एक उपाय दाखवला. फॉइल कशालाही टेकू न देता टांगायची आणि वितळणबिंदूच्या जवळ बराच वेळ तापवायची, की सगळे कण मिळून एकच मोठा स्फटिक होतो. गोधडीचे अखंड कापड झाले म्हणा ना!

सुरकुत्या मात्र उरल्या. भट्टी थंड होताना तांबे आकसते. ग्राफीन आकसत नाही, उलट किंचित पसरते. खालचा आधार लहान झाला की वरच्या चादरीला घड्या पडणारच. २०२१ मध्ये याच गटाने थोडे निकेल मिसळलेल्या तांब्याची एकस्फटिक फॉइल घेतली. निकेलमुळे रेणू कमी तापमानालाही फुटतात. सुमारे ७३० ते ७६० अंशांवर वाढवलेले ग्राफीन घडीशिवाय निघाले. हे मोठेच यश, पण नमुना तळहातात मावेल एवढाच.

शिवाय ग्राफीन तांब्यावर ठेवून चालत नाही. नेहमीच्या पद्धतीत त्यावर प्लास्टिकचा पातळ लेप देतात, तांबे रसायनात विरघळवतात आणि तरंगता पापुद्रा सिलिकॉनवर उचलून घेतात. या उचलाउचलीत तो फाटतो, लेपाचे अवशेष चिकटून राहतात. उद्योगांची खरी डोकेदुखी आज हीच आहे.

मग बाजारात विकले जाते ते काय?

ते बहुतांशी वेगळेच उत्पादन आहे : ग्रॅफाइट दळून, सोलून केलेली भुकटी किंवा ग्राफीन ऑक्साइडचे तुकडे. रंग, रबर, प्लास्टिकमध्ये मिसळायला या भुकटीचा उपयोग होऊ शकतो, पण ती भट्टीतली अखंड चादर नव्हे. त्यातही दर्जाची खात्री नसते. सिंगापूरमधील संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरातील ६० कंपन्यांचे नमुने तपासले. दहा थरांपर्यंतचा तुकडा ‘ग्राफीन’ मानण्याची सवलत देऊनही बहुतेक नमुन्यांत त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी भरले. निम्म्याहून अधिक ग्राफीन एकाही नमुन्यात नव्हते. बाकी होते ते मुख्यतः साधे ग्रॅफाइट.