अरुंद पडद्यावरील तक्ता

लासलगावच्या कांद्याचा बाजारभाव असो वा एखाद्या परीक्षेचे वेळापत्रक असो, ज्या मजकुराचा अर्थ ओळ आणि रकाना यांच्या छेदावर वसलेला असतो, तो तक्त्याखेरीज अन्य रूपात नीट उमगत नाही. आणि म्हणूनच रुंद कागदावर सुखाने नांदलेला तक्ता मोबाइलच्या पडद्यावर आला म्हणजे त्याची होणारी आबाळ ही केवळ सौंदर्याची हानी नसून ज्ञानाचीच हानी होय, असे मला मनापासून वाटते.

संकेतस्थळांच्या पानांत तक्त्याला अधिकृत स्थान मिळाले ते १९९७ च्या जानेवारीत, एचटीएमएलच्या ३.२ या आवृत्तीने. पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलणाऱ्या पानाची कल्पना ईथन मार्कोट यांनी मांडली ती २०१० साली. मधल्या काळात तक्ते रुंदच राहिले. बाजारभावाचेच पाहा: दिनांक, जात, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे सहा रकाने, आणि मोबाइलचा पडदा पानाच्या हिशेबाने सुमारे ३६० पिक्सेल रुंद. प्रत्येक रकान्याच्या वाट्याला साठ पिक्सेल येतात, त्यात ‘सर्वसाधारण’ हा एक शब्दसुद्धा मावत नाही, आणि शब्द मधोमध तोडण्याची मुभा नसल्यामुळे सगळा तक्ता पानाच्या हद्दीबाहेर सांडतो.

वर्डप्रेसवर संकेतस्थळ चालवणाऱ्यास यावर प्लगिनचा आधार आहे. टोबियास बेटगे यांचे टेबलप्रेस हे त्यांतले एक. त्यात तक्ता व्यवस्थापन-कक्षात एकाच ठिकाणी रचावयाचा, किंवा एक्सेल अथवा सीएसव्ही फाइलीतून आयात करावयाचा, आणि पानावर चौकटी कंसात त्या तक्त्याचा क्रमांक दर्शविणारा लहानसा शॉर्टकोड तेवढा ठेवावयाचा. म्हणजे मूळ ठिकाणी केलेली दुरुस्ती, तक्ता जिथे जिथे लावला असेल तिथे तिथे आपोआप पोहोचते. आडवा सरकणारा तक्ता मोफत आवृत्तीतही मिळतो. अरुंद पडद्यावर तक्त्याचे रूपच पालटून टाकणाऱ्या इतर तऱ्हा मात्र सशुल्क आवृत्तीत आहेत.

या तऱ्हांमधील निवड प्लगिन करीत नाही, ती तक्ता लावणाऱ्याने करावयाची असते. प्रत्येक ओळीची स्वतंत्र चौकट करून मथळे व मूल्ये एकाखाली एक मांडली, तर शाखांचे पत्ते व वेळा उत्तम वाचता येतात. परंतु आजचा सर्वसाधारण दर गेल्या आठवड्यातील दरांशी ताडून माल आज न्यावा की थांबावे हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याला रकाना वरून खाली वाचावयाचा असतो, आणि नेमकी तीच वाट या मांडणीत बंद होते. त्याच्यासाठी दिनांकाचा पहिला रकाना जागीच स्थिर ठेवून बाकीचा तक्ता सरकता ठेवणे मला शतपट श्रेयस्कर वाटते. उजवीकडे आणखी मजकूर आहे एवढी खूण मात्र त्याला दिसली पाहिजे. पहिली ओळ मथळ्याची आहे ही नोंदही तपासून घ्यावी, कारण पडदा-वाचकाच्या साहाय्याने ऐकणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला कोणता आकडा कोणत्या रकान्यातला, हे त्या नोंदीवरूनच कळते.

मराठी तक्त्यांत आणखी एक अडचण येते आणि तिचा उलगडा लवकर होत नाही. मथळ्यावर बोट ठेवताच क्रम लावून देण्याचे काम टेबलप्रेस ज्या डेटाटेबल्स या सॉफ्टवेअर-लायब्ररीकडून करवून घेते, ती देवनागरी अंकांना संख्या मानीत नाही, अक्षरे मानते. परिणामी चढत्या क्रमात १००० हा दर ९०० च्या आधी येऊन बसतो. एचटीएमएल स्वतः हाताने लिहून केलेल्या तक्त्यात प्रत्येक घराला क्रमवारीपुरते वेगळे मूल्य देण्याची तरतूद डेटाटेबल्समध्ये आहे. ती वापरणे शक्य नसेल तेथे दरांच्या रकान्यात इंग्रजी अंक घालावेत, अथवा त्या तक्त्याची क्रमवारी बंद ठेवावी.