जुना सीडी प्लेअर ‘नो डिस्क’ दाखवतोय? भंगारात देण्याआधी हे वाचा

माळ्यावरून सीडी प्लेअर काढला, आजोबांच्या आवाजाची सीडी घातली आणि स्क्रीनवर आलं, ‘नो डिस्क’. थांबा, अनेकदा बिघाड साधाच असतो.

सीडी वाजते कशी?
१९८२ साली जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला. तंत्र आजही तेच आहे. ७८० नॅनोमीटरचा लेझर चकतीवरचे सूक्ष्म खड्डे वाचतो.

दोष कुणाचा?
आधी कंपनीची छापील सीडी लावा. ती वाजली आणि घरी राइट केलेली अडली, तर राइट केलेली सीडी कॉम्प्युटरवर चालवून बघा. अशा सीडीवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, त्यामुळे थकलेला लेझर आधी तिच्यावरच अडखळतो.

दोन्ही अडल्या तर?
प्लग काढा. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लेन्स हलक्या हाताने पुसा, दाबू नका. प्लेअर चालू असताना लेन्समध्ये डोकावू नका, लेझर दिसत नसला तरी डोळ्यांना घातक असतो.

ट्रे उघडत नसेल, तर बऱ्याच मॉडेलमध्ये रबरी बेल्ट सैल झालेला असतो. शेवटची गाणी अडखळत असतील, तर लेन्स सरकते त्या पट्टीवरचं ग्रीस सुकलेलं असू शकतं. हे करूनही सीडी वाचली गेली नाही, तर लेझरचा भाग बदलावा लागेल.

सीडी वाजली की लगेच कॉम्प्युटरवर कॉपी घ्या. राइट केलेल्या सीडीतला रंगाचा थर काळानुसार खराब होतो. प्लेअर दुसरा मिळेल, तो आवाज नाही.