जलपर्णी, खाडी आणि बदनाम जिवाणू

उन्हाळा लागला की मोहने, रायते, कांबा या भागांत उल्हास नदीवर जलपर्णी पसरते. पुलावरून पाहणाऱ्याला नदी हिरवीगार, टवटवीत वाटते. प्रत्यक्षात त्या पानांचा प्राणवायू बहुतेक हवेत जातो. खालच्या पाण्याला ना ऊन मिळतं, ना मोकळी हवा.

नदीचा घात फक्त कारखाने करतात, हा अंबरनाथ-बदलापूरकडचा लाडका समज. त्याला आधार नाही असं कोण म्हणेल? 2014 मध्ये वालधुनी नदीत रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालय गाठावं लागलं. पण जलपर्णी रसायनांवर पोसत नाही. तिला हवा नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि तो मलमूत्रातून, खरकट्यातून, काही धुण्याच्या पावडरींतून येतो. म्हणजे बदलापूरच्या बेलवलीतल्या एखाद्या सोसायटीचं सांडपाणीही यात वाटेकरी असतं.

‘पुढे समुद्र आहे, सगळं वाहून जाईल.’ हेही खरं नाही. ठाण्यापुढे उल्हासचा मुख्य प्रवाह वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो, आणि खाडीत भरती-ओहोटीचं राज्य असतं. ओहोटीला बाहेर गेलेल्या पाण्यातलं बरंचसं भरतीला परत येतं.

मग जिवाणूंचं काय? घाण पाणी म्हटलं की सगळा दोष त्यांच्या माथी. सांडपाण्यातून रोगजंतू येतात हे खरं, पण खाडीच्या गाळातले बहुतेक जिवाणू सफाई कामगारच आहेत. काही जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. दुसरे त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो हवेत सोडतात. इतकी स्वस्त शुद्धीकरण यंत्रणा कुठल्या पालिकेकडे आहे?

ती बिघडते अतिखुराकाने. शेवाळ माजतं, मरतं आणि तळाशी बसतं. ते कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. आपल्याकडच्या उबदार स्वच्छ पाण्यात तो लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम असतो. 2 च्या खाली गेला की बहुतेक मासे तग धरत नाहीत. प्राणवायू संपला की समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू पुढे सरसावतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ओहोटीला काळ्या चिखलातून येणारा सडक्या अंड्यांचा वास तो हाच. या वायूने आणि प्राणवायूच्या टंचाईने अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू गारद होतात. नायट्रेटच नाही, तर वायू कशाचा करणार? अमोनिया पाण्यातच साचतो आणि नव्या शेवाळाला खाद्य मिळतं. चक्र आपलंआपण फिरू लागतं.

ठाणे खाडीतले फ्लेमिंगो पाहून काहींना वाटतं, पाणी सुधारलं असावं. 2022 मध्ये ही खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, तेव्हा या समजाला आणखी बळ मिळालं. पण लहान फ्लेमिंगोचं मुख्य अन्न म्हणजे नीलहरित जिवाणू आणि सूक्ष्म शेवाळ. सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर तेही वाढतं. पक्ष्यांची गर्दी पाण्याच्या शुद्धतेचा दाखला ठरत नाही.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारलं की प्रश्न मिटला, हा शेवटचा समज. नेहमीची प्रक्रिया कुजणारा माल बराच कमी करते. नायट्रोजन आणि फॉस्फरस पुरेसा काढायला मात्र वेगळे टप्पे लागतात. केंद्राचं उद्घाटन होईल तेव्हा नागरिकांनी तेवढं विचारावं.