जारामिलो ओढ्याची ऐट

लाव्हाच्या थरांना नावं कोण देतं आणि त्यांचं वय कसं काढतात, असं एका वाचकाने विचारलं आहे. उत्तरासाठी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या व्हॅलेस कॅल्डेरात जाऊ.

साडेबारा लाख वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेकानंतर इथली जमीन खचली आणि वीसेक किलोमीटर रुंदीचं कुंड तयार झालं. मग त्याच्या कडेकडेने रायोलाइट नावाचा लाव्हा वर येत राहिला. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट पातळ, म्हणून दूरवर पसरला. रायोलाइट मात्र गुळाच्या पक्क्या पाकासारखा चिवट; तोंडापाशीच साचून त्याचे घुमट होतात. नाव ठेवताना भूवैज्ञानिक फार डोकं खाजवत नाहीत. नकाशावर जवळ जो डोंगर किंवा ओढा असेल, त्याचंच नाव घुमटाला.

वय सांगतं पोटॅशियम. किरणोत्सारी पोटॅशियम-४०चं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. त्यातल्या काहीचा आरगॉन होतो. लाव्हा तापलेला असताना हा वायू निसटतो, थिजल्यावर सॅनिडिन या खनिजाच्या स्फटिकांत अडकतो. साठलेला आरगॉन मोजला की वय हाती येतं.

साठच्या दशकात भूवैज्ञानिक रिचर्ड डोएल आणि ब्रेंट डॅलरिंपल यांनी या घुमटांतून बोटाएवढ्या कांड्या काढल्या. काढण्याआधी प्रत्येकीची दिशा नोंदवायची, कारण खडक थिजताना पृथ्वीचं चुंबकत्व त्यात टिपलं जातं. त्यांना दिसलं, की त्यांच्या हिशेबाने सुमारे नऊ लाख वर्षांपूर्वी, चुंबकीय ध्रुव उलटे असलेल्या काळातच, चुंबकत्व थोडा वेळ आजच्यासारखं झालं होतं. शेजारच्या ओढ्यावरून या घटनेला 'जारामिलो' म्हटलं गेलं.

शोधनिबंध १९६६चा, पण नोव्हेंबर १९६५मध्येच डॅलरिंपल यांनी ही बातमी भूवैज्ञानिक फ्रेड व्हाइन यांच्या कानावर घातली. समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा हिशेब व्हाइनना जुळत नव्हता. जारामिलो धरताच तो जुळला: तळ एकसारख्या वेगाने पसरत होता! याच पुराव्याने बळ मिळालेल्या भूपट्ट सिद्धान्ताचं श्रेय वाटताना व्हाइन आठवतात. डॅलरिंपल यांचा मान मात्र पाठ्यपुस्तकं विसरतात, हे मला खटकतं.

गंमत पुढेच आहे. २००२मध्ये ब्रॅड सिंगर आणि लॉरी ब्राउन यांनी आरगॉनच्या सुधारित पद्धतीने या घुमटांची वयं पुन्हा काढली. त्यांतला सांता रोसा घुमट निघाला ९ लाख ३६ हजार वर्षांचा, आणि सुधारलेल्या कालपटावर जारामिलो त्याआधीच संपला होता. त्याच्यासाठी 'सांता रोसा' ही वेगळी घटना मांडावी लागली. आकडे असे सरकत राहतात, सरकायलाच हवेत. पण पृथ्वीच्या कालपटावर बसलेल्या त्या चिमुकल्या ओढ्याच्या नावाला कुणी हात लावलेला नाही.